मुख्यपृष्ठावरची खाट

शोकसभेत घरच्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते. दीनानाथकाका बाबांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी उभे राहून माईकवर म्हणाले, "रंगनाथरावांचं एक स्वप्न अपुरं राहिलं. संस्थेच्या चांगल्या वेबसाइटचं. ते आता त्यांची कन्या ऋचा पूर्ण करील." टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना, म्हणून सगळ्यांनी माना हलवल्या. मी तोंडाशी रुमाल धरून बसले होते. ती संमती समजण्यात आली.

बाबांना असलं स्वप्न कधी पडलं नव्हतं. त्यांची स्वप्नं मला माहीत होती, कारण ती ते सकाळी चहाबरोबर सांगायचे. एकदा त्यांच्या स्वप्नात लोकांनी नेलेले सगळे वॉकर पायांच्या रबरांसकट परत आले होते, आणि त्या आनंदाने त्यांना जाग आली होती.

बाबांनी सुरू केलेल्या या संस्थेचं नाव 'उसनवार'. वारज्यात एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमचे दोन गाळे आहेत. आजारी माणसाला लागणाऱ्या वस्तू तिथून काही महिन्यांसाठी घरी नेता येतात: व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी, आणि दांडा फिरवून डोक्याकडची बाजू उचलता येते ती खाट. काम संपलं की वस्तू परत आणून द्यायची. काम दोन प्रकारांनी संपतं. त्यामुळे परत आलेली वस्तू ताब्यात घेताना बाबा "कसे आहेत आता?" असं कधीही विचारायचे नाहीत. समोरचा माणूस आपणहून काही बोलेपर्यंत ते चाकात तेल घालत बसायचे.

शेवटचे महिने बाबा स्वतः तशाच एका खाटेवर होते. बाकीच्या खाटा वर्षानुवर्षं लोकांकडे अडकलेल्या, हातात असलेली ती एकच. शोकसभा झाली तेव्हा ती आमच्याच घरात, बाबांच्या खोलीत होती. परत करायची राहिली आहे, असं मी म्हणत असे. का राहिली, हे कोणी विचारत नसे. पुण्यात दुःखाला थोडी सवलत मिळते. ती कधी संपली हे कोणी कळवत नाही, फक्त एक दिवस लोक पुन्हा खरं बोलायला लागतात.

वेबसाइटसाठी विश्वस्तांची बैठक गाळ्यातच, व्हीलचेअरवर बसून झाली. दुसऱ्या खुर्च्या संस्थेकडे नाहीत. अध्यक्ष दीनानाथकाका महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. कोणतीही गोष्ट लोकांपर्यंत थेट सोडायची नाही, आधी टाकीत चढवायची, अशी त्यांची श्रद्धा आहे. वेणूबाई या खरोखरच्या बाई, म्हणजे शाळेतल्या. त्या निवृत्त झाल्या, पण वर्ग सुटलेला नाही. नासिरकाकांचं ग्रिल-वेल्डिंगचं दुकान आहे. संस्थेची मोडलेली प्रत्येक व्हीलचेअर तेच जोडतात, आणि प्रत्येक वेळी हे शेवटचं असं सांगतात. मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते, म्हणून 'लिहिण्यातली'. आणि वेबसाइट बनवणार होती काकांची पुतणी प्रियदर्शनी. ती आयटीत आहे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला वाघोलीला राहते आणि फुकट काम करायला तयार होती. वाघोलीहून वारज्याला पोचल्यावर तिला बोलता यायला थोडा वेळ लागे.

"आधी मला सांगा," पाणी पिऊन ती म्हणाली, "आपल्या होम पेजवर येणारा माणूस कोण आहे?"

"सुजाण नागरिक," काका म्हणाले.

"काका, नाही हो. बघा, एखाद्याच्या वडिलांना उद्या डिस्चार्ज आहे. डॉक्टर म्हणालेत, बेडची सोय करा. तो टेन्स्ड आहे, मोबाइलवर बघतोय, बॅटरी लो आहे. पेज ओपन झाल्या झाल्या त्याला काय दिसायला पाहिजे?"

"दीपप्रज्वलन," काका म्हणाले.

त्यांनी मुख्यपृष्ठाचा क्रम ठरवूनच आणला होता. सर्वांत वर गणपती. मग संस्थेच्या उद्घाटनाच्या वेळचा समई लावतानाचा फोटो. त्यानंतर प्रास्ताविक. मग विश्वस्तांचा परिचय, ज्येष्ठतेनुसार. मग शाल-श्रीफळ देतानाचे फोटो. मग दिवंगत संस्थापकांना श्रद्धांजली. शेवटी आभार, 'आणि आता आपण सर्वांनी वस्तूंची माहिती घ्यावी'. म्हणजे काकांनी वेबसाइट बनवली नव्हती, कार्यक्रम बसवला होता. मी त्यांना हसू शकले नाही. आमच्याकडे रक्तदान शिबिरातसुद्धा पहिली बाटली भाषण संपल्यावरच भरते. माणूस उपयोगी पडायच्या आधी सुरू व्हायला लागतो.

"यात खाट कुठे आहे?" प्रियदर्शनीने विचारलं.

"येईल की. लोकांना थोडा धीर नको?"

"त्याच्या वडिलांना उद्या सोडतायत, काका."

"मग त्याने आजच बघायला घ्यावं."

वेणूबाईंनी नियम आणले होते. ते सर्वांत वर, गणपतीच्याही वर हवे होते, कारण गणपती नियम मोडत नाही. 'वस्तू धुऊन, पुसून, वाळवून परत करावी. धुतली होती असे सांगू नये, ते दिसते.' 'रुग्णाची संपूर्ण हकिगत फोनवर सांगू नये.' 'वॉकरवर कपडे वाळत घालू नयेत. आम्ही येऊन पाहतो.' हे वाचून एखादा माणूस आजारीच न पडण्याचा निर्णय घेईल, असं मी म्हटलं. "तसं झालं तर उत्तमच," बाई म्हणाल्या.

नासिरकाकांचा आग्रह पत्त्यासाठी होता. नकाशावर आमची खूण हायवेच्या पलीकडच्या एका मंगल कार्यालयात पडली होती. तिथे लोक वॉकर मागायला जात, आणि तारखांचं कार्ड घेऊन येत. "नकाशा सोड बेटा, मी सांगतो तसं लिही," नासिरकाका म्हणाले. "पुलाखालून आलं की डावीकडे रसाचं गुऱ्हाळ."

"ते बंद होऊन वर्षं झाली, काका," मी म्हटलं.

"मग लिही, जिथं गुऱ्हाळ होतं तिथं. सगळ्यांना माहितीये."

मुद्रितशोधनाच्या धंद्यात माझी एवढी वर्षं गेली, पण अस्तित्वात नसलेल्या दुकानावरून डावीकडे वळा, हे वाक्य कसं सुधारायचं हे मला अजून सांगता येणार नाही.

पुढचा अडथळा बाबांचाच निघाला. जुन्या वेबसाइटचं नाव त्यांच्या खात्यावर नोंदलेलं होतं, आणि खात्याचा पासवर्ड ते बरोबर घेऊन गेले होते. मी ती नावं नोंदणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला.

"मॅम, खातेदारांना लाइनवर घ्याल का?" एका मुलाने नम्रपणे विचारलं.

"ते वारले."

"ओके मॅम. ते केव्हा अव्हेलेबल होतील?"

मी म्हटलं, हा प्रश्न मोठमोठ्या ग्रंथांत आला आहे, पण उत्तराबद्दल एकमत नाही. तो म्हणाला, "नो प्रॉब्लेम मॅम, मी होल्डवर ठेवतो." होल्डवर सनई होती.

मग मी मृत्यूचा दाखला पाठवला. उत्तर आलं: 'आपला दाखला मिळाला. पडताळणीसाठी खातेदाराने सदर दाखला हातात धरून, चेहरा स्पष्ट दिसेल असा स्वतःचा फोटो पाठवावा.' सवयीने मी तो मजकूर पुन्हा एकदा तपासला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मग मी बाबांच्या खोलीत जाऊन खाटेजवळच्या खुर्चीवर बसले, आणि हे त्यांना सांगावं असं मला फार वाटलं. ते हसले असते, मग खोकला आला असता, मग मी दांडा फिरवून त्यांना वर उचललं असतं. दांडा दाराच्या खिळ्याला अडकवलेला होता. मूळचा दांडा हरवल्यावर नासिरकाकांनी तो ग्रिलच्या गजातून बनवून दिला होता. त्यांचा हात ग्रिलचा, त्यामुळे त्याच्या टोकाला खिडकीवर असते तशी वेलबुट्टी आहे.

शेवटी जुनं नाव सोडून दिलं आणि नवं घेतलं. फोन नंबर मात्र बाबांचाच ठेवायचा ठरला, कारण अर्ध्या वारज्याला तो पाठ होता. तो फोन मी चार्ज करून जवळ बाळगत असे. बाबांना कमी ऐकू येई, म्हणून तो कायम स्पीकरवर असतो. ते कसं बंद करायचं ते मी शोधलं नव्हतं. कोणी "रंगनाथराव आहेत का?" असं विचारलं की मी म्हणे, "बाहेर गेलेत." एकदा वेणूबाईंनी ते ऐकलं.

"बाहेर गेलेत म्हटलं की लोक वाट बघत बसतात, ऋचा," त्या म्हणाल्या. एवढंच. सवलत संपत आल्याची ती पहिली सूचना होती.

दुसऱ्या बैठकीत मी भांडले. कारण होतं हार. काकांना मुख्यपृष्ठावर बाबांचा तो शोकसभेतलाच फोटो हवा होता, झेंडूच्या हारासकट, खाली 'कै.' लावून.

"काका," मी म्हटलं, "ज्याचे वडील दवाखान्यात आहेत, त्याला आमच्याकडे आल्याबरोबर पहिलं दर्शन हार घातलेल्या माणसाचं? त्याला वाटेल, इथली खाट वापरल्यावर असं होतं."

मग नासिरकाका हसले, आणि हसल्याबद्दल त्यांनी माझी माफी मागितली. दीनानाथकाका म्हणाले, "मग वर काय लिहायचं? काहीतरी बोधवाक्य लागेल. माझ्याकडे एक संस्कृत श्लोक आहे."

मला बाबांचा फोन आठवला. ते हॅलो म्हणत नसत. फोन उचलला की थेट विचारत, "बोला, घरी कोण आजारी आहे?" एकदा काकांनी सत्यनारायणाचं आमंत्रण द्यायला फोन केला होता, तेव्हाही हाच प्रश्न आला होता आणि काकू महिनाभर रुसल्या होत्या. मी कीबोर्ड ओढून घेतला आणि पानाच्या माथ्यावर तेवढंच टाइप केलं.

"हे अशुभ आहे," काका म्हणाले.

"हे परफेक्ट आहे," प्रियदर्शनी म्हणाली. "याच्याखाली फोन नंबर, वेळ, पत्ता, आणि आत्ता काय मिळेल. आहे ते हिरवं, नाही ते लाल. बस. काका, तुमचा सगळा प्रोग्रॅम त्याच्याखाली, जसाच्या तसा. ज्याला वेळ आहे तो स्क्रोल करील." फोटोही तिकडेच गेला, हाराशिवाय. काकांनी मान्य केलं, पण गणपती आपल्याला खाली ढकलल्याबद्दल लक्षात ठेवील, असं नोंदवून घ्यायला लावलं.

मग प्रियदर्शनी वस्तू भरू लागली. वॉकर हिरवा. व्हीलचेअर हिरवी. हवेची गादी हिरवी.

"खाट?" तिने विचारलं.

"लाल," मी म्हणाले.

वेणूबाईंनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. "लालच लिही," त्या तिला म्हणाल्या, "आणि चांगला पक्का रंग दे. बरेच दिवस टिकायला हवा." नासिरकाका एका चाकाची हवा तपासायला लागले. त्या चाकात हवा भरायची सोयच नाही, ते भरीव रबराचं आहे.

पान तयार झालं, पण उद्घाटनाशिवाय ते लोकांना दाखवणं काकांना पटेना. गाळ्यात मांडव नाही, म्हणून हवेच्या गाद्या फुगवून पाहुण्यांना त्यावर बसवलं. एक जुने देणगीदार त्यावर बसले ते हळूहळू कलत गेले आणि कार्यक्रमभर एका कुशीवरच राहिले. प्रियदर्शनीच्या लॅपटॉपवर शाल पांघरली होती. नारळ फोडायची जबाबदारी नासिरकाकांनी घेतली. वेल्डिंगवाल्याचा हात, नारळ एका फटक्यात फुटला आणि पाणी शालीसकट लॅपटॉपवर गेलं. वेणूबाईंनी शाल उचलून झटकली, म्हणजे अनावरण झालं, पण पडद्यावर काळोख होता.

"नो इश्यू," प्रियदर्शनी रडक्या आवाजात म्हणाली, "साइट कालपासून लाइव्हच आहे."

"उद्घाटनाच्या आधी?" काकांनी विचारलं. त्यांचा चेहरा माझ्याने बघवेना.

तेवढ्यात माझ्या पर्समधला बाबांचा फोन वाजला. मी उचलला, आणि सवयीप्रमाणे तो सगळ्यांना ऐकू गेला.

"हॅलो, उसनवार का? मी शहेजाद बोलतोय, येरवड्याहून. तुमचं पान बघतोय. अम्मी पडली, मांडीचं हाड मोडलंय, उद्या घरी सोडतायत. ती डोकं वर करायची खाट आहे ना, ती लाल दाखवतंय. लाल म्हणजे अजिबातच नाही का?"

"ती बाहेर गेलीये," मी म्हणाले.

"परत कधी येईल, काही अंदाज?"

नारळाचं पाणी टेबलावरून ठिबकत होतं. काका भिंतीकडे बघायला लागले. फक्त प्रियदर्शनीला काही माहीत नव्हतं. ती उत्साहाने पुढे झाली. "ताई, ज्यांच्याकडे आहे त्यांना कॉल करू या ना. मला नंबर द्या, मी फॉलो-अप घेते."

"नंबर लागलेलाच आहे," वेणूबाई म्हणाल्या.

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण मला दिसत होतं ते पानाच्या माथ्यावरचं वाक्य. ते मीच लिहिलं होतं, आणि एका माणसाने त्याचं सरळ उत्तर दिलं होतं.

"उद्या सकाळी मिळेल," मी म्हटलं. "पत्ता सांगा."

सकाळी नासिरकाका टेम्पो घेऊन आले. त्यांनी खाटेचे नट सोडवले, आणि ते करताना मला चहा करायला पाठवलं. "बेटा, गादी दुसरी देतो, ही ठेव पाहिजे तर," ते दारातून म्हणाले. मी म्हटलं, सगळंच न्या. खाटेखाली इतके दिवस झाडू पोचला नव्हता. तिथे एक पेनाचं टोपण, वर्तमानपत्राचा शब्दकोड्याचा तुकडा आणि एक गोळी मिळाली. ही गोळी घेतली असं त्यांनी मला शपथेवर सांगितलं होतं.

टेम्पो गेल्यावर प्रियदर्शनीचा मेसेज आला: 'ताई, बेड आला ना! ग्रीन करू?' मी लिहिलं, 'नको. गेला.' तेव्हा पान उघडून बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसलं नसेल.

मग मी खोली झाडायला घेतली आणि दार लोटलं. खिळ्याला दांडा होता.

दुपारी शहेजादचा फोन आलाच. "मॅडम, खाट मस्त आहे, पण ती वर कशी करायची? अम्मी आडवी पडून सगळ्यांना शिव्या देतेय." मी रिक्षा केली. रिक्षावाल्याने आरशातून दांड्याकडे दोनदा पाहिलं.

"ताई, ते काय आहे?"

"दांडा. माणसाला बसता करायचा."

"कोर्टात जाताय का?" त्याने विचारलं.

संचेतीच्या चौकात रिक्षा सिग्नलला थांबली असताना बाबांचा फोन वाजला. वॉकर परत करायचा होता कुणाला तरी. "रंगनाथराव आहेत का?" त्या बाईंनी विचारलं. आजूबाजूला इतके हॉर्न वाजत होते की हळू बोलून चालण्यासारखं नव्हतं. "नाहीत," मी ओरडून म्हटलं. "ते वारले. तुम्ही बोला." रिक्षावाल्याने मीटर सोडून बाकी सगळीकडे पाहिलं आणि पुढे येरवड्यापर्यंत तो एकदाही कोणावर ओरडला नाही.

शहेजादचं घर गल्लीच्या टोकाला होतं. खाट खालच्या खोलीत मांडली होती, आणि तिच्यावर त्याची आई सुगराबी छताकडे बघत झोपली होती. सून नाजिमा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. खाटेवर दुसऱ्या कुणाला बघणं मला जड जाईल असं मी रिक्षात धरून चालले होते. पण बघायला वेळच मिळाला नाही.

"आली का किल्ली?" सुगराबी म्हणाल्या. "आल्यापासून पंखा बघतेय. त्याला तीन पाती आहेत, हे मला आधीच माहीत होतं."

मी वाकून दांडा बसवला आणि फिरवू लागले. हाताला सवय होती. एका ठिकाणी तो आपोआप थांबला. तिथे बाबांना खिडकीतून टेकडीचा माथा दिसे.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "हे कुणाचं माप?"

"माझ्या वडिलांचं."

"ते काय झाडं बघत होते का? मला दार दिसू दे. कोण येतंय, कोण जातंय, भाजीत काय पडतंय. अजून वर."

मी अजून फिरवलं. त्या वर आल्या. त्यांना दार दिसलं, सून दिसली, चहा दिसला. त्यांचा चेहरा निवळला, आणि त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमचे अब्बा होते होय यावर?" त्यांनी विचारलं. "मग बरे झाले ना?"

शहेजाद एकदम माझ्याकडे बघायला लागला. पान त्याने खालच्या श्रद्धांजलीपर्यंत वाचलं असावं. नाजिमा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. रिक्षात जे शब्द मला शेवटी जमले होते, ते इथे काही उपयोगाचे नव्हते. मी खाली वाकून दांड्याच्या वेलबुट्टीवरची धूळ पुसली. तेल असतं तर तेल घातलं असतं.

"आता त्यांना काही त्रास नाही," मी म्हणाले.

सुगराबींनी खाटेच्या कडेवर हात फिरवला आणि समाधानाने मान डोलावली.

"मग खाट चांगली आहे," त्या म्हणाल्या. "नाजिमा, यांना चहा दे आधी. एवढ्या लांबून आल्यात."